आधी जुना टायर वाचा: घरच्या एसयूव्हीसाठी टिकाऊ टायर निवडताना

गाडी जॅकवर होती. दुकानातल्या मुलाने पुढचं डावं चाक काढलं, जमिनीवर अर्धा फेरा फिरवलं आणि आतली बाजू माझ्याकडे केली. म्हणाला, "ताई, इथे हात लावून बघा." बाहेरून नक्षी ठीकठाक होती, अजून वर्ष-दीड वर्ष सहज निघेल असं वाटावं अशी. आतल्या कडेला मात्र दोन बोटं रुंदीची पट्टी पार गुळगुळीत झाली होती आणि एका जागी रबराखालच्या तारा बोटाला टोचत होत्या. त्याच टायरवर आम्ही आदल्या आठवड्यात आई-बाबांना आणि दोन्ही मुलांना घेऊन ताम्हिणी घाट उतरलो होतो.

टायर २६ हजार किलोमीटरमध्ये संपला होता आणि मी तिथे "जास्त टिकणारा" टायर मागायला गेले होते. खोट टायरमध्ये नव्हतीच. पावसाळ्यात एका खड्ड्यात चाक जोरात आपटलं होतं, त्यानंतर स्टिअरिंग किंचित डावीकडे ओढायचं, आणि आम्ही "बघू सर्व्हिसिंगला" म्हणत आठ महिने काढले. त्या जागी कितीही महागाचा टायर बसवला असता तरी तो तितक्याच लवकर गेला असता. तेव्हापासून कुणीही मला "कुठला टायर घेऊ?" असं विचारलं की मी आधी त्यांच्या जुन्या टायरचे फोटो मागते, तेही आतल्या बाजूचे. खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

पहिली पायरी: जुने टायर वाचा

पुढची चाकं बघायला स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, म्हणजे आतली कड दिसते. मागच्या चाकांसाठी खाली वाकून मोबाइलचा टॉर्च मारावा लागतो, नाहीतर गाडी वर घेतलेली असताना बघायचं. झीज कुठे झाली आहे यावरून कारण बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं.

दोन्ही कडा झिजल्या आणि मधली नक्षी शाबूत असेल, तर बरेच दिवस हवा कमी राहिली आहे. मधला पट्टा गेला आणि कडा चांगल्या असतील तर हवा जास्त भरली जाते. "हायवेला जायचंय, चाळीस टाका" म्हणणाऱ्यांच्या गाडीला हे हमखास दिसतं. एकच कड गेली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन आणि दिशा, बिघडली आहे. तळहात नक्षीवरून पुढे-मागे फिरवून बघा. एका दिशेने मऊ आणि उलट फिरवल्यावर करवतीसारखं खरखरीत लागलं, तर तेही बहुतेक वेळा अलाइनमेंटचंच लक्षण असतं, आणि डोळ्यांना दिसण्याआधी ते हाताला कळतं. नक्षीत ठिकठिकाणी खळगे पडले असतील तर शॉकअप थकले आहेत किंवा बॅलन्सिंग, म्हणजे चाकाच्या वजनाचा समतोल, गेलं आहे. पुढचे दोन्ही सारखेच झिजलेत आणि मागचे अजून नव्यासारखे आहेत, तर दोष कसलाच नाही, फक्त टायर वेळेवर आलटूनपालटून लावले गेले नाहीत.

आता खोली मोजा. ट्रेड डेप्थ गेज नावाचं छोटं साधन दोन-तीनशे रुपयांत मिळतं आणि घरी असावंच. टायरच्या बाजूला छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय अशी अक्षरं असतात. त्या रेषेत वर नक्षीच्या खाचेत रबराचा उंचवटा दिसतो. तो १.६ मिलिमीटरचा. नक्षी त्याच्या बरोबरीला आली की टायर कायद्यानेही संपला. नव्या टायरची खोली साधारण ७ ते ८ मिलिमीटर असते.

माझं मत विचाराल तर १.६ पर्यंत थांबूच नये. खाचांचं काम पाणी बाहेर फेकायचं आहे, आणि खोली ३ मिलिमीटरच्या खाली गेली की मुसळधार पावसात चाक रस्ता सोडून पाण्यावर तरंगू लागतं. आपल्याकडे चार महिने पाऊस आहे. म्हणून मी दरवर्षी मे महिन्यात मोजते. ३ च्या आसपास आकडा आला तर पावसाआधी टायर बदलते, दिवाळीपर्यंत ओढत नाही.

एक सोपं गणित इथेच करून टाका. समजा नवा असताना ८ मिलिमीटर होता, २४ हजार किलोमीटरनंतर ५ उरला. म्हणजे ३ मिलिमीटरला २४ हजार, एका मिलिमीटरला ८ हजार. ३ वर थांबायचं तर अजून १६ हजार मिळतील, एकूण ४० हजार. हा तुमच्या गाडीचा, तुमच्या रस्त्यांचा आणि तुमच्या पायाचा आकडा आहे. दुकानदार जो कुठला आकडा सांगेल तो याच्याशी ताडून बघायचा.

दुसरी पायरी: गाडी वर्षाला किती चालते?

"टिकाऊ" या शब्दाचा अर्थ इथे बदलतो, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

टायर दोन प्रकारे संपतो, झिजून किंवा म्हातारा होऊन. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन यांमुळे रबर कडक होत जातं, बाजूला बारीक भेगा पडतात आणि ओल्या रस्त्यावर पकड जाते, नक्षी कितीही खोल असली तरी. पाच वर्षं झाली की दरवर्षी टायर खोलून जाणकाराकडून तपासून घ्यावा. दहा वर्षांचा टायर नवाकोरा दिसला तरी काढून टाकावा, त्यात स्टेपनीही आली. आपल्याकडचं ऊन बघता मी सहा-सात वर्षांच्या पुढे जात नाही.

आता हिशेब बघा. ज्यांची गाडी शनिवार-रविवारी निघते, वर्षाला जेमतेम ६-७ हजार किलोमीटर, त्यांनी ८० हजार चालणारा टायर घेतला तर तो झिजायला बारा वर्षं लागतील. त्याआधीच रबर म्हातारं होईल. जे किलोमीटर ते कधी वापरणारच नाहीत, त्यांचे पैसे त्यांनी मोजले, आणि बदल्यात बहुधा पावसातली पकड थोडी कमी घेतली. अशा घरांनी टिकाऊपणाच्या मागे न लागता ओल्या रस्त्यावर चांगला धरणारा टायर घ्यावा. उलट, पुणे-नाशिक किंवा नागपूर-अमरावती असं कामानिमित्त सतत फिरणं असेल, वर्षाला २० हजारांच्या वर, तर जास्त किलोमीटर देणारा टायर खरंच पैसे वाचवतो.

रस्ता कुठला, तेही लिहून काढा. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा सलग काँक्रीटचा आहे, गाड्यांना ताशी १२० ची मुभा आहे, आणि एप्रिल-मेमध्ये विदर्भात पारा ४५ च्या घरात असतो. तासन्‌तास एकाच वेगाने धावताना टायर तापतो, आणि हवा कमी असेल तर बाजूची भिंत सारखी दुमडून आणखी तापते. फुटणाऱ्या टायरमागे बहुतेक वेळा हीच गोष्ट असते. झिजलेल्या टायरच्या गाड्या समृद्धीच्या प्रवेशावरच अडवायला परिवहन विभागाने सुरुवात केली, ती उगीच नाही. कोकणात वरचेवर जाणाऱ्यांचं गणित वेगळं असतं: घाटाची वळणं पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडा खातात, आणि खड्ड्यांमुळे बाजूच्या भिंतीला फुगा येण्याची भीती असते.

तिसरी पायरी: टायरवरचे आकडे

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो. त्यावर टायरचा साइझ आणि हवेचा दाब लिहिलेला असतो. त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

क्रेटासारख्या गाडीच्या वरच्या मॉडेलवर २१५/६० आर १७ ९६ एच असं दिसेल. २१५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, इथे १२९ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, हा टायरच्या आतल्या बांधणीचा प्रकार, १७ म्हणजे रिम १७ इंची. पुढच्या ९६ कडे फारसं कुणी बघत नाही, आणि कुटुंबाच्या गाडीत तोच महत्त्वाचा. तो भाराचा निर्देशांक: ९६ म्हणजे एक टायर ७१० किलो पेलतो. ९१ म्हणजे ६१५ किलो, १०० म्हणजे ८००, १०४ म्हणजे ९००. शेवटचं अक्षर वेगाचं: टी ताशी १९०, एच २१०, व्ही २४०.

साइझ तोच असूनही भाराचा निर्देशांक कमी असलेला टायर स्वस्तात दाखवला जातो. घेऊ नका. सात माणसं, टपावर सामान आणि मे महिन्यातला गावचा प्रवास असं चित्र डोळ्यांसमोर आणा. भार आणि वेग, दोन्ही कंपनीने सांगितल्याइतके किंवा त्याहून वरचे असावेत, खालचे कधीच नाहीत.

साइझ वाढवायचा मोह अनेकांना होतो, एसयूव्ही "भरलेली" दिसते म्हणून. २१५/६० आर १७ चा एकूण व्यास जवळजवळ ६९० मिलिमीटर. २२५/६० घेतला तर ७०२, म्हणजे पावणेदोन टक्क्यांची वाढ. २३५/६० घेतला तर ७१४, म्हणजे साडेतीन टक्के. स्पीडोमीटर खरा वेग कमी दाखवू लागतो, वळताना चाक मडगार्डला घासू शकतं आणि विम्याच्या दाव्यात प्रश्न उभा राहू शकतो. फरक ३ टक्क्यांच्या आत हवा असं सर्रास सांगितलं जातं. टिकाऊपणा हवा असेल तर माझा सल्ला एकच आहे, मूळ साइझ सोडू नका. रुंद टायर जड असतो, इंधन जास्त पितो आणि दरवेळी महाग पडतो.

चौथी पायरी: नक्षी आणि रबर

एसयूव्हीचे टायर मुख्यतः दोन जातींचे: एचटी म्हणजे हायवेचा आणि एटी म्हणजे डांबर-माती दोन्हींचा. तिसरा, निव्वळ चिखलाचा बटण टायर, शेतात किंवा जंगलात रोज जाणाऱ्यांनीच बघावा. एटी दिसायला रांगडा असतो, खडीवर दगड सहज लागत नाही, पण डांबरावर आवाज करतो आणि मायलेज थोडं खातो. आपल्या बहुतेक एसयूव्ही वर्षातले साडेतीनशे दिवस डांबर आणि काँक्रीट सोडत नाहीत. त्यांना एचटी. गावाकडचा शेवटचा दोन किलोमीटरचा कच्चा रस्ता एचटीवर आरामात होतो. मात्र ज्यांचं शेत, फार्म किंवा कामाची साइटच कच्च्या रस्त्यावर आहे, त्यांनी एटी घ्यावा. दगडांनी एचटीची नक्षी तासली जाते आणि मग तो काही जास्त टिकत नाही.

रबराचं मिश्रण कडक असेल तर झीज कमी, पण ओल्या रस्त्यावर पकड सहसा कमी. मऊ असेल तर उलट. सिलिका वापरलेल्या चांगल्या मिश्रणात या दोन्हींचा बराच मेळ बसतो आणि महाग टायरचे पैसे मुख्यतः त्यालाच लागतात. म्हणून नुसता "एक लाख चालतो" हा दावा ऐकून खूश होऊ नका. पुढे विचारा, पावसात ब्रेक कसा लागतो?

काही टायरवर ट्रेडवेअर असा शब्द आणि ३००, ४००, ५०० असा आकडा कोरलेला असतो. ही अमेरिकेतली प्रतवारी. टेक्सासमधल्या ठरलेल्या रस्त्यावर ७,२०० मैल गाडी पळवून, १०० आकड्याच्या प्रमाण टायरशी झिजेची तुलना करतात. ४०० म्हणजे त्या चाचणीत प्रमाण टायरच्या चौपट. पण आकडा कंपनी स्वतःच देते, त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरची तुलना करायला तो उपयोगी, दोन कंपन्यांची करायला नाही. त्याच्याच शेजारी ट्रॅक्शनचं, म्हणजे ओल्या रस्त्यावरच्या पकडीचं, अक्षर असतं: डबल ए सगळ्यात वरचं, मग ए, बी, सी. तापमानाचं, म्हणजे टायर उष्णता किती सोसतो त्याचं, ए, बी, सी वेगळं. मी ट्रॅक्शन ए आणि तापमान ए याच्या खाली जात नाही. भारतात ऊर्जा दक्षता ब्यूरोचे तारेही काही टायरवर दिसतात. ते इंधन किती वाचेल हे सांगतात, टायर किती वर्षं चालेल हे नाही.

पाचवी पायरी: ब्रँड आणि दर किलोमीटरचा खर्च

मी एकाच कंपनीचं नाव घेणार नाही, कारण प्रत्येकाकडे झीज कमी होणारे आणि पकड जास्त देणारे असे दोन्ही टायर असतात. एमआरएफ, अपोलो, सीएट, जेके, ब्रिजस्टोन, गुडइयर, योकोहामा, मिशलिन यांपैकी तुमच्या साइझमध्ये कोणकोणती मॉडेल येतात ते बघा आणि तीनच निवडा. निवडताना आणखी एक गोष्ट तपासा: तुम्ही जिथे राहता आणि जिथे सुटीला जाता, त्या दोन्ही ठिकाणी तो टायर मिळतो का? आडगावी एका टायरला फुगा आला आणि तसा दुसरा मिळाला नाही, तर उरलेल्या तिन्हींचा टिकाऊपणा काही कामाचा राहत नाही. कारखान्यातून आलेला टायरच परत घेतला पाहिजे असंही नाही; तो आवाज, इंधन आणि किंमत यांचा गाडी कंपनीला परवडलेला मेळ असतो.

मग भागाकार करा. समजा एक टायर ८,५०० चा आणि तुमच्या वापरात ४५ हजार देईल. दुसरा ११,००० चा आणि ६५ हजार देईल. चारांचे ३४,००० भागिले ४५ हजार म्हणजे किलोमीटरला साधारण ७६ पैसे. ४४,००० भागिले ६५ हजार म्हणजे ६८ पैसे. महाग टायर स्वस्त पडला. पण तुम्ही वर्षाला ७ हजारच चालवत असाल तर हा भागाकार फसवा, ते वर आलंच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे, तेव्हा भाव नव्या दराने सांगताहेत ना, हे विचारून घ्या.

सेकंडहँड किंवा रिमोल्ड (जुन्यावर नवी नक्षी चढवलेला) टायर कुटुंबाच्या गाडीला नको. यावर मी वाद घालत नाही.

सहावी पायरी: दुकानात

पैसे देण्याआधी टायर समोर आणायला सांगा. बाजूला डीओटी अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते. तिच्या शेवटचे चार आकडे म्हणजे जन्मतारीख. ३५२५ म्हणजे २०२५ चा पस्तिसावा आठवडा. पूर्ण ओळ एकाच बाजूला असते, म्हणून दिसली नाही तर टायर उलटा करा. सहा महिन्यांच्या आतला मिळाला तर उत्तम, वर्षापर्यंत चालेल, त्याहून जुना असेल तर दुसरा मागा. चारही टायरवर हे आकडे जवळपासचे असावेत. आयएसआयचं चिन्ह असावं. बिलावर मॉडेल, साइझ आणि प्रत्येक टायरचा क्रमांक लिहून घ्या, वॉरंटीची नोंदणी तिथेच उभं राहून करा. "नंतर ऑनलाइन होईल" म्हटलेली नोंदणी सहसा राहून जाते.

चारही एकदम बदलणं सगळ्यात बरं. फोर व्हील ड्राइव्हला तर ते हवंच. दोनच घेणार असाल तर एकाच ॲक्सलला जोडी लावा, आणि नवे टायर मागे. ऐकायला उलटं वाटतं, पण ओल्या वळणावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते आणि पाय उचलून सावरता येते. मागची सुटली तर गाडी गरकन फिरते.

बसवताना तिथेच उभे राहा. रबरी व्हॉल्व्ह नवे घाला, किरकोळ खर्च आहे. हवेच्या दाबाचा सेन्सर असलेली गाडी असेल तर टायर काढण्याआधी तसं सांगा, नाहीतर मशीनच्या पात्याने सेन्सर तुटतो. टायरवर आऊटसाइड लिहिलं असेल तर ती बाजू बाहेर, बाण असेल तर फिरण्याच्या दिशेने. शेवटी बॅलन्सिंग, मग अलाइनमेंट, आणि आधीचे-नंतरचे आकडे असलेला कागद मागून घ्या. पडद्यावर सगळं हिरवं दिसलं म्हणून निघू नका. सरळ रस्त्यावर चक्कर मारून स्टिअरिंग मध्ये राहतंय ना ते बघा. पहिल्याच पायरीत शॉकअप किंवा बुशचा (चाकाच्या जोडातल्या रबराचा) दोष सापडला असेल, तर तो आधी दुरुस्त करा, टायर नंतर.

सातवी पायरी: बसवल्यानंतर

पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोराचे ब्रेक आणि वेगाची वळणं टाळा. नव्या रबरावर साच्यातला तेलकट थर असतो. शंभर किलोमीटरच्या आत चाकांचे नट पुन्हा आवळून घ्या.

हवा दर पंधरा दिवसांनी, सकाळी, टायर थंड असताना. चालून तापलेल्या टायरमध्ये दाब तीन-चार पीएसआयने (हवेचा दाब मोजायचं एकक) जास्त दिसतो. तो बघून हवा सोडलीत तर गार झाल्यावर टायर कमी हवेवर राहतो. स्टिकरवर भरलेल्या गाडीचा वेगळा आकडा असेल तर गावी निघताना तो पाळा. नायट्रोजन भरलात तर चांगलंच आहे, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजन मिळाला नाही म्हणून कमी हवेवर पुढे जाऊ नका, साधी हवा भरून घ्या.

दर ८ ते १० हजारांनी टायर आलटूनपालटून लावा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढचे सरळ मागे, आणि मागचे तिरके पुढे. दिशेचा बाण असलेले मात्र त्याच बाजूला पुढे-मागे. दर वेळी गेजने चारही टायरची खोली आत, मध्ये आणि बाहेर अशी मोजून डॅशबोर्डच्या वहीत लिहा. आतल्या आणि बाहेरच्या आकड्यांत एक मिलिमीटरचा फरक पडू लागला की त्याच आठवड्यात अलाइनमेंट करा. आमच्याकडे हे काम आता बाबांनी घेतलंय. वही त्यांच्या अक्षरात भरत चाललीय आणि सध्याचे टायर ३८ हजार होऊनही साडेचार मिलिमीटरवर आहेत.

राहिली स्टेपनी. अनेक एसयूव्हींत ती लहान रिमची असते आणि तिच्यावर ताशी ८० ची मर्यादा लिहिलेली असते, म्हणजे ती आलटापालटीत घ्यायची नाही. तीही जुनी होते आणि तिचीही हवा उतरते. डीओटीचे चार आकडे तिच्यावरही असतात. या रविवारी डिकीतलं सामान काढून ते वाचा, आणि हवा भरून घ्या.